एका डॉलरची पंगत

सोनगीर हे रस्त्यावरचं गाव. वर किल्ला, खाली मुंबई-आग्रा रस्ता आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात नाव झालेलं. अशा गावाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. वाटसरूला भूक लागते आणि भुकेला माणूस थांबतो. आजची हकिगत याच गोष्टीची आहे. फक्त रस्ता दूरचा आहे.

अमेरिकेत नेवाडा नावाचं राज्य आहे. बहुतेक सारं वाळवंट. मंदीच्या दिवसांत, मार्च १९३१ मध्ये, या राज्यानं जुगार कायदेशीर केला. तिथलं लास वेगास हे तेव्हा रेल्वेचं एक लहानसं गाव होतं. ३ एप्रिल १९४१ रोजी टॉमस हल नावाच्या हॉटेलवाल्यानं गावाच्या वेशीबाहेर, लॉस एंजेलिसच्या हमरस्त्यावर, 'एल रांचो वेगास' हे हॉटेल उघडलं. राहायच्या खोल्या, पोहण्याचा तलाव आणि मधोमध जुगाराचा दिवाणखाना. अशा हॉटेलाला कॅसिनो हॉटेल म्हणतात.

आता अडचण अशी, की रात्रीचा तमाशा संपला की गिऱ्हाईक जेवायला किंवा झोपायला निघून जाई. डाव मोडे. त्यावर पुढच्या काही वर्षांत तोड निघाली. मध्यरात्री लांबलचक मेजावर मांस, पाव, भाज्या, गोडधोड मांडून ठेवायचं. ज्यानं त्यानं हातानं वाढून घ्यायचं. दर एक डॉलर, खाल तेवढं. या प्रकाराला नाव दिलं 'चक वॅगन'. गुराख्यांच्या तांड्याबरोबर स्वयंपाकाची जी गाडी फिरे, तिचं हे नाव. मांडून ठेवलेल्या जेवणाला फ्रेंच लोक बुफे म्हणत, आणि स्वीडनच्या लोकांनी १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आपली तसली मेजवानी अमेरिकेला दाखवली होती. म्हणजे रीत जुनीच. तिला जुगाराच्या दाराशी आणून बसवलं, हे नवं.

एका डॉलरमध्ये एवढं जेवण परवडतं कसं? गुरुजींनी हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. तिथल्या रूले नावाच्या चक्राला ३८ घरं असतात. समजा, एकानं प्रत्येक घरावर एकेक डॉलर लावला. ३८ डॉलर गेले. गोळी कोणत्याही घरात पडो, त्या घराचा लावलेला एक आणि वर ३५, असे ३६ हाती येतात. दोन डॉलर मालकाचे. शंभराला सव्वापाच! तेव्हा पाहुण्यानं जेवणानंतर वीसेक डॉलरचे डाव लावले, की सरासरीनं एक डॉलर मालकाकडे परत येतो. आणि वीस डॉलरवर उठतो कोण? जेवणघर बहुधा अशा जागी असे, की जाता-येता डावाच्या मेजांमधूनच वाट. खेळाच्या दालनात घड्याळ नाही, खिडकी नाही. मध्यरात्र झाली हे कळावं तरी कशावरून?

आपल्याकडे गावोगावी गावकीची मोठी भांडी असत. लग्नाला ती न्यायची, घासून परत करायची. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, पंगत बसलेली, आणि यजमान हात जोडून फिरतोय, "घ्या ना अजून!" या आग्रहानं यजमान प्रसंगी कर्जबाजारी होई, ते काही चांगलं नव्हे, पण जेवणाऱ्याची गाठ सुटत नसे. जुगारघरातही आग्रह आहेच. तिथं यजमान श्रीमंत होतो.

'एल रांचो' १७ जून १९६० रोजी आगीत जळालं. पण तोवर ही युक्ती शहरभर झाली होती. पुढे पुढे हॉटेलवाल्यांना वाटू लागलं की जेवणातही तोटा कशाला? दर चढले. २०२० च्या साथीत ही जेवणघरं बंद झाली, त्यांतली कित्येक पुन्हा उघडलीच नाहीत. उरली त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आता भरभक्कम पैसे पडतात.

आपल्या महाराष्ट्रानंही १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही. २०२३ मध्ये रद्द झाला. शेजारच्या गोव्यानं मात्र १९९२ मध्ये मोठ्या हॉटेलांत जुगाराची यंत्रं आणि १९९६ मध्ये जहाजांवरचे डाव, यांना कायद्यानं वाट करून दिली. पणजीला मांडवी नदीत रात्री दिव्यांनी लखलखणाऱ्या बोटी दिसतात, त्या याच. तिथं बहुधा प्रवेशाच्या पैशांतच बुफे धरलेला असतो. सहलीला गेलेली आपली पोरं सांगतात, "जेवण फुकट होतं!" आणि गंमत अशी, की खुद्द गोव्याच्या रहिवाशांना या खेळघरांत जायला त्यांच्याच सरकारनं १ फेब्रुवारी २०२० पासून मनाई केली. पाहुण्यांनी खुशाल जेवावं, घरच्यांनी मात्र त्या ताटावर बसायचं नाही.