एका डुलकीचा खटला : जपान आणि स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध

डिसेंबर २००७. जपानच्या आइची प्रांतातील ओबू शहर. स्मृतिभ्रंश बळावलेले ९१ वर्षांचे एक वृद्ध घरातून नकळत बाहेर पडले. सून आवराआवर करीत होती आणि ८५ वर्षांच्या पत्नीचा बसल्या जागी डोळा लागला होता. वृद्ध रेल्वेने पुढच्या स्थानकावर गेले, तेथे रुळांवर उतरले आणि गाडीखाली सापडून मरण पावले.

गाड्या खोळंबल्या म्हणून जेआर तोकाई या रेल्वे कंपनीने कुटुंबाकडे सुमारे ७२ लाख येन भरपाई मागितली. २०१३ मध्ये नागोयाच्या जिल्हा न्यायालयाने पत्नी आणि थोरला मुलगा या दोघांनाही पूर्ण रक्कम भरण्यास सांगितले!

हा निकाल कोठून आला, हे समजण्यासाठी मागे जावे लागते.

१८९८ च्या मेइजी कायद्याने घराण्याची सत्ता कुटुंबप्रमुखाकडे आणि वारसा थोरल्या मुलाकडे दिला. मालमत्तेसोबत आईवडिलांचा सांभाळही त्याच्याकडे आला. प्रत्यक्षात तो त्याच्या बायकोकडे आला. १९४७ मध्ये ही व्यवस्था कायद्यातून गेली. घरांतून ती इतक्या लवकर जाणार नव्हती.

१९७२ मध्ये सावाको आरियोशी या लेखिकेची ‘कोकोत्सु नो हितो’ ही कादंबरी आली. नायिका आकिको नोकरी करणारी. सासू वारते आणि सासऱ्यांची स्मृती हरवत चालल्याचे घराला कळते. सासरे पोटच्या मुलाला ओळखत नाहीत. ओळखतात ते सुनेला, जिला त्यांनी जन्मभर छळले. ते रात्री उठवतात, घराबाहेर निघून जातात. नवरा हळहळतो, पण उठते आकिकोच. पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि पुढच्याच वर्षी चित्रपट निघाला. घराघरांत दडवून ठेवलेली गोष्ट प्रथमच चारचौघांत बोलली जाऊ लागली, हे या कादंबरीचे खरे कर्तृत्व.

१९८० मध्ये क्योतो येथे अशा वृद्धांना सांभाळणाऱ्या कुटुंबीयांची संघटना उभी राहिली. २००० मध्ये शुश्रूषा विमा आला : चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा आणि गरजेच्या प्रतवारीनुसार सेवा मिळवायची. सांभाळणाऱ्या नातलगाला रोख रक्कम देण्यास अनेक स्त्री कार्यकर्त्यांचा विरोध होता. पैसे मिळाले की सून घरातच अडकेल, ही त्यांची भीती निराधार नव्हती. विम्यात रोख रकमेऐवजी सेवाच ठेवण्यात आल्या.

२००४ मध्ये सरकारने आजाराचे नावही बदलले. ‘चिहो’ या जुन्या शब्दाच्या अक्षरांत मूर्खपणाचा अर्थ होता. त्याच्या जागी आकलनाशी संबंधित ‘निन्चिशो’ आला.

एवढे सगळे झाल्यावरही ओबूच्या घरात चित्र काय होते? थोरला मुलगा योकोहामाला आणि त्याची बायको सासूसासऱ्यांच्या जवळ राहायला आलेली. पत्नीला स्वतःलाच शुश्रूषेची गरज असल्याचे विमा व्यवस्थेने मान्य केलेले. न्यायालयापुढे प्रश्न होता तो नागरी संहितेच्या कलम ७१४ चा : ज्याला आपल्या कृत्याचे भान नाही, त्याने केलेल्या नुकसानीची भरपाई त्याच्या कायदेशीर पालकाने करायची. पण असा पालक कोण?

२०१४ मध्ये उच्च न्यायालयाने मुलाला वगळले आणि पत्नीवर निम्मी रक्कम ठेवली. १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मुक्त केले. केवळ पत्नी वा थोरला मुलगा असल्याने कोणी पालक ठरत नाही; सांभाळणाऱ्याची स्वतःची प्रकृती आणि परिस्थिती पाहिली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

निकालाचे स्वागत झाले, तरी त्यात एक पेच उरला. प्रत्यक्ष देखरेखीची जबाबदारी ज्याने अंगावर घेतली, तो मात्र उत्तरदायी ठरू शकतो. म्हणजे जो अधिक सांभाळेल, तोच अधिक अडकण्याचा धोका!

त्यावर कायदेमंडळाआधी नगरपालिकांनी वाट काढली. २०१७ मध्ये कानागावा प्रांतातील यामातो शहराने स्मृतिभ्रंश झालेल्या रहिवाशांचा अपघात-भरपाईचा विमा स्वतःच्या खर्चाने उतरवला. पुढच्या वर्षी ओबूनेही तेच केले.