मास्किंग साहित्य (प्रतिकृती-रंगकाम)

प्रमाणबद्ध प्रतिकृती रंगवताना कोरा राखायचा भाग तात्पुरता झाकणारे पदार्थ.

उगम मोटारींच्या रंगकामात आहे. दुरंगी मोटारींवर स्वच्छ सीमारेषा मिळावी म्हणून अमेरिकेतील थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी 1925 मध्ये कागदी चिकटपट्टी तयार केली. प्रतिकृतींसाठी पुढे पातळ, कमी चिकट अशा जपानी वाशी कागदाच्या पट्ट्या रूढ झाल्या.

साहित्याची निवड पृष्ठभाग आणि कडेचे स्वरूप यांवर ठरते. सरळ कडेला वाशी पट्टी, वळणाला ताणली जाणारी अरुंद व्हिनाइल पट्टी, तर विमानाच्या काचांसारख्या बारीक भागांना रबरी द्रव लावतात. छद्मावरणातील पुसट कडांसाठी न सुकणारी पुट्टी वापरतात (पहा : एअरब्रश, छद्मावरण). अमोनियायुक्त रबरी द्रव काही अ‍ॅक्रिलिक रंगांना अपाय करतो. पार्सलाच्या चिकटपट्टीने खालचा थर उखडतो. पट्टीच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा पातळ हात दिल्यास नवा रंग आत झिरपत नाही.

रेल्वे-प्रतिकृतींत प्रमाणाची मर्यादा विशेष जाणवते. मुंबई–पुणे मार्गावर 1 जून 1930 रोजी सुरू झालेल्या ‘डेक्कन क्वीन’चा एक संच रुपेरी व लाल, तर दुसरा निळा व सोनेरी रेषांचा होता. 1:87 प्रमाणात 10 सेंमी. रुंदीचा पट्टा जेमतेम 1.15 मिमी. उरतो. तो काचेवर पात्याने कापलेल्या पट्टीने साधतो. त्याहून बारीक रेषांसाठी पाण्यात भिजवून उतरवायची डिकॅल वापरतात (पहा : डिकॅल).