आवाज आणि वीज : श्रवणयंत्राच्या इतिहासांतील एक जुना तंटा

टेलिफोनचा जन्म बहिऱ्यांच्या सेवेंतून झाला, आणि टेलिफोन जर कोणास सर्वांत अधिक काळ परका राहिला असेल तर तो बहिऱ्यांसच, ही आधुनिक शास्त्राच्या इतिहासांतील एक विचित्र गोष्ट होय. अलेक्झांडर ग्रॅहाम बेल याची आई ऐकण्यांत अधू होती, पत्नी लहानपणापासून बहिरी होती, आणि त्याचा स्वतःचा व्यवसाय बहिऱ्या मुलांना बोलावयास शिकविण्याचा. १८७६ सालीं त्याला आपल्या यंत्राचें पेटंट मिळालें. पुढें कित्येक दशकें बहिरा मनुष्य त्या यंत्रापाशीं अवघडून उभा राहिला. याचें कारण केवळ कानांत नाहीं. तें बॅटरींतहि आहे. श्रवणयंत्रास वीज किती द्यावी आणि तिच्या मोबदल्यांत आवाज किती स्वच्छ घ्यावा, हा तंटा यंत्राइतकाच जुना आहे, आणि माझ्या मतें या यंत्राचा खरा इतिहास तो हाच.

विजेपूर्वीं हा प्रश्न नव्हता. मेल्झेल नांवाच्या यंत्रकारानें बेथोव्हेनसाठीं केलेले धातूचे कर्णे बॉन येथें त्याच्या जन्मघरांतील संग्रहालयांत आजहि पाहावयास मिळतात. कर्ण्यास खर्च नाहीं, आणि फारसा गुणहि नाहीं. १८१८ पासून त्या नादाच्या उपासकास लोकांचें बोलणें वह्यांतून वाचून घ्यावें लागलें.

१८९८ च्या सुमारास अमेरिकेंत मिलर रीझ हचिसन यानें टेलिफोनचींच अंगें घेऊन विजेचें श्रवणयंत्र तयार केलें. कोळशाच्या कणांतून विजेचा प्रवाह सोडावयाचा. आवाजाच्या कंपानें ते कण दबले-सुटले कीं प्रवाह कमीजास्त होतो, आणि त्याचाच रिसीव्हरमध्यें पुन्हा आवाज होतो. कल्पना चांगली, परंतु कोणी बोलो वा न बोलो, प्रवाह वाहतच राही, आणि कणांची खरखर बोलण्यांत मिसळे. बॅटरी जड आणि आवाज खरखरीत, असा दोहोंकडून तोटा.

पुढें व्हॉल्व्ह आले आणि आवाज सुधारला. पण त्याची किंमत वेगळ्याच ठिकाणीं चुकती करावी लागली. व्हॉल्व्हची तार तापविण्यास दीड व्होल्टचा एक घट, आणि शिवाय २२.५ किंवा ४५ व्होल्टची दुसरी बॅटरी. तार सदैव तापलेलीच ठेवावी लागे. म्हणजे शांततेंतहि वीज जळतच असे. १९४८ सालीं ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेनें ‘मेड्रेस्को’ नांवाचें यंत्र लोकांना मोफत देण्यास आरंभ केला, ही गोष्ट त्या राष्ट्रास भूषणावह खरीच. पण त्याचीहि बॅटरी वेगळी वागवावी लागे, आणि तिची दोरी कपड्यांखालून न्यावी लागे. चष्मा लावणारा विद्वान दिसतो आणि हें अवजड लेणें घालणारा बिचारा दिसतो. तेव्हां कित्येकांनीं न ऐकणेंच पत्करलें असल्यास नवल कसलें?

डिसेंबर १९४७ मध्यें बेलच्याच नांवाच्या प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्याला तापविण्याची गरज नाहीं, आणि व्हॉल्व्हच्या मानानें वीज तो नाममात्र घेतो. सामान्य ग्राहकाच्या हातीं हा शोध प्रथम आला तो रेडिओंतून नव्हे, तर श्रवणयंत्रांतून. १९५२ च्या डिसेंबरांत ‘सोनोटोन १०१०’ विक्रीस निघालें. ट्रान्झिस्टरचा खिशांतला रेडिओ त्यानंतर, १९५४ सालीं आला. बेलच्या स्मरणार्थ पेटंटाच्या मालकांनीं श्रवणयंत्रांपुरता आपला मोबदलाहि सोडून दिला. परंतु या सोनोटोनचें पोट उघडून पाहिलें तर मौज दिसते. आंत व्हॉल्व्ह दोन, आणि ट्रान्झिस्टर एकच. तोहि शेवटच्या टप्प्यावर. कां? तर आरंभींच्या ट्रान्झिस्टरमध्यें स्वतःचीच एक सूं-सूं असे. ती पहिल्या टप्प्यावर शिरली असती तर पुढें बोलण्याबरोबर तीहि मोठी झाली असती. म्हणून नाजूक आवाज व्हॉल्व्हनें उचलावा, आणि जेथें वीज अधिक खर्च होते तेथें ट्रान्झिस्टरनें ती वांचवावी, अशी ही वाटणी. आवाज आणि वीज यांचा इतका प्रामाणिक करारनामा मला दुसऱ्या कोणत्याहि यंत्रांत आढळलेला नाहीं. पुढल्याच वर्षीं नुसत्या ट्रान्झिस्टरांचीं यंत्रें आलीं आणि त्यांनीं बाजार काबीज केला. मात्र दमट हवेनें व घामानें त्यांतील कित्येक अकालीं मुकीं झालीं.

टेलिफोनपुरती एक फारच स्वस्त तोड मध्यंतरीं सांपडली होती. टेलिफोनच्या रिसीव्हरांतून थोडें चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडतें. श्रवणयंत्रांत तारेचें एक लहानसें वेटोळें बसविलें कीं त्या सांडलेल्या क्षेत्रांतूनच बोलणें उचलतां येतें, आणि आसपासचा गोंगाट आपोआप वगळला जातो. दुसऱ्याच्या अंगणांत सांडलेल्या दाण्यांवर पोट भरावें तसा हा प्रकार. पुढें कारखानदारांनीं रिसीव्हर सुधारले, सांडणें आटलें, आणि बहिऱ्यांचें बोलणें तुटलें! आपण कोणाचा घांस काढून घेत आहों, हें त्या कारागिरांच्या ध्यानींमनींहि नसावें. अखेर टेलिफोन श्रवणयंत्राशीं जुळणारे असलेच पाहिजेत, असा कायदा १९८८ सालीं अमेरिकेस करावा लागला.

आमच्या काळांत टेलिफोन बिनतारी झाला, आणि श्रवणयंत्र वाटाण्याएवढ्या जस्त-वायुघटावर चालूं लागलें. १९७० नंतरच्या दशकांत आलेला हा घट हवेंतील प्राणवायूवर जगतो. वरची चिकटपट्टी काढली कीं बारीक छिद्रांतून हवा आंत शिरते आणि घट जागा होतो. ‘३१२’ या मापाच्या घटांत सुमारें १८० मिलिअँपिअर-तास वीज मावते. साधें ऐकण्यास एक-दीड मिलिअँपिअर पुरे, म्हणून तो आठवडाभर टिकतो. ब्लूटूथनें फोनवरचें बोलणें थेट कानांत आणूं म्हटलें तर मागणी कित्येक पटींनीं वाढते आणि घट गुदमरतो; कारण छिद्रांतून जेवढी हवा येईल तेवढीच वीज होणार. छिद्र मोठें करावें, तर घट लवकर वाळतो. म्हणून प्रथम गळ्यांत अडकविण्याचा एक मध्यस्थ काढावा लागला : ब्लूटूथचा भार त्यानें वाहावयाचा, आणि कानांतल्या यंत्राशीं क्षीण चुंबकीय लहरींनीं कुजबुजावयाचें. १९४८ ची ती दोरी-पेटी वेष पालटून पुन्हा अंगावर आली!

२०१४ च्या सुमारास कांहीं यंत्रें आयफोनशीं थेट जोडलीं गेलीं. पण तीं ऐकवीत तेवढींच, उत्तर द्यावयाचें तर फोनच्याच माइकपाशीं तोंड न्यावें लागे. २०१७ मध्यें ‘फोनॅक’ कंपनीनें सर्व फोनांना समजणारें जुनें ब्लूटूथ यंत्रांत घालून हात मोकळे केले. आवाजाचा प्रश्न मात्र उरलाच. साध्या टेलिफोनचा आवाज सेकंदास सुमारें ३४०० कंपनांवर कापलेला असतो, आणि ‘स’काराचा प्राण तर त्याच्याहि वर. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतील फरक तरुण कान अंदाजानें ओळखतो. ज्याचे वरचे स्वर आधींच गेले, त्याच्या अंदाजास आधार कोठला? बँकेनें साठ हजार सांगितले कीं आठ, हें त्यानें शेजाऱ्यास विचारावयाचें काय? २०२० सालीं जाहीर झालेल्या अल्पवीज ब्लूटूथच्या ध्वनिपद्धतींत सेकंदास ३२ हजार बिटांमध्यें जवळजवळ ८००० कंपनांपर्यंतचें बोलणें मावतें, आणि तेंहि कमी विजेंत. परंतु हा आंकडा किती ठेवावा हें यंत्र घालणारा ठरवीत नाहीं. फोन आणि यंत्र घडविणारे अभियंते ठरवितात, आणि जाहिरातींत ठळक छापला जातो तो बहुधा बॅटरीच्या तासांचा आंकडा. ज्याचा कान, त्यालाच या सौद्यांत मत नसावें, हें मला अन्यायाचें वाटतें.

पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटऱ्या आल्यापासून भांडण मिटलें, असें विक्रेते सांगतात. रात्रीं पेटींत ठेवावें, सकाळीं उचलावें. पण ही बॅटरी पुष्कळदां यंत्रांत कायमची बंद असते. ती थकली कीं यंत्रच दुरुस्तीस धाडावें लागतें. आणि भर सभेंत दुपारींच संपली तर? जस्ताचा घट खिशांतून काढून बसल्याजागीं बदलतां येतो. लिथियमवाल्यास मात्र यंत्र पेटींत ठेवून, तें भरेपर्यंत, समोरच्याचे ओठ पाहत बसावें लागतें.