वादा प्रकरण : जपानमधील हृदयरोपण तीस वर्षे का थांबले?

१/ ८ ऑगस्ट १९६८. उत्तर जपानमधील साप्पोरो येथे जुरो वादा या शल्यविशारदांनी देशातील पहिले मानवी हृदयरोपण केले. वृत्तपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांच्याविरुद्ध खुनाची फिर्याद झाली. त्यानंतरच्या हृदयरोपणासाठी जपानमध्ये १९९९ साल उजाडावे लागले.

२/ या वादाचे मूळ श्वसनयंत्रात आहे. हृदय थांबले की माणूस गेला, ही खूण शतकानुशतके पुरेशी होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर कृत्रिम श्वसनयंत्रे आली. आता मेंदू कायमचा निकामी झाला तरी छाती हलत राही, नाडी लागे, अंग उबदार असे. हृदयाला ठोक्यांची स्वतःची यंत्रणा असते. प्राणवायू मिळत राहिल्यास ते मेंदूवाचूनही काही काळ चालते.

३/ १९५९ मध्ये मोलारे आणि गुलों या फ्रेंच वैद्यांनी या स्थितीचे वर्णन केले व तिला ‘कोमाच्या पलीकडची अवस्था’ म्हटले. कोमातील रुग्णाचा मेंदू जिवंत असतो, तो शुद्धीवर येऊ शकतो. मेंदूमृत्यूनंतर परतीची वाट नसते.

४/ ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयरोपण केले आणि देशोदेशी चढाओढ लागली. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही तो प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. ५ ऑगस्टला हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष प्रसिद्ध केले. तिसऱ्याच दिवशी साप्पोरोतील शस्त्रक्रिया झाली.

५/ दाता समुद्रात बुडालेला २१ वर्षांचा विद्यार्थी होता. हृदय मिळालेला १८ वर्षांचा तरुण ८३ दिवस जगला. त्याच्या मृत्यूनंतर प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. दाता खरोखर मृत होता का? मेंदूलहरींची नोंद कुठे आहे? त्या तरुणाला नव्या हृदयाची गरज होती का? आणि सर्वांत बोचरा प्रश्न : ज्यांना हृदय हवे होते, त्यांनीच मृत्यू ठरवला का?

६/ १९७० मध्ये पुरेशा पुराव्याअभावी प्रकरण बंद झाले. खटला उभाच राहिला नाही. त्यामुळे दोष सिद्ध झाला नाही आणि संशयही फिटला नाही.

७/ जपान्यांच्या या संकोचाचे खापर अनेकदा धर्मावर व परंपरेवर फोडले जाते. पण याच काळात तेथे जिवंत नातलगांकडून मूत्रपिंडे घेतली जात होती, १९८९ पासून यकृताचे भागही. अवयव देण्याला समाज तयार होता; अडखळत होता तो मृत्यूच्या निदानापाशी. पत्रकार ताकाशी ताचिबाना यांनी १९८६ च्या ‘नोशी’ (मेंदूमृत्यू) या ग्रंथात चाचण्यांच्या निकषांचीच चिकित्सा केली.

८/ १९९२ मध्ये सरकारी आयोगाने मेंदूमृत्यू मान्य केला, तोही एकमताने नव्हे. १९९७ च्या कायद्याने कडक अटी घातल्या : दात्याची लेखी इच्छा, कुटुंबाची संमती आणि निदान करणारे डॉक्टर रोपणापासून अलिप्त. अखेर फेब्रुवारी १९९९ मध्ये कोची येथील दात्याचे हृदय ओसाकात रोपले गेले. केवळ कुटुंबाच्या संमतीने अवयवदान २०१० पासून शक्य झाले.

९/ भारताचा १९९४ चा कायदा ज्या राज्यांत प्रथम लागू झाला, त्यांत महाराष्ट्र व गोवा होते. त्यातही हीच भिंत आहे : चार डॉक्टरांचे मंडळ, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी आणि रोपण करणाऱ्या चमूला त्यात मज्जाव.

१०/ ‘अवयवांसाठी आपल्या माणसाला लवकर मृत ठरवतील’ ही भीती अडाणीपणाची म्हणून झटकली जाते. साप्पोरोनंतर त्याच भीतीने नेमके प्रश्न विचारले : मृत्यू कोण ठरवतो, कोण पडताळतो, नोंद कुठे राहते? आजच्या नियमांची कलमे ही त्या प्रश्नांचीच उत्तरे आहेत. ज्या रुग्णालयात ती काटेकोरपणे पाळली जातात आणि नातलगांना समजावून सांगितली जातात, तिथेच शोकातले कुटुंब ‘हो’ म्हणू शकते.