मिन्योनेट खटला (राणी विरुद्ध डडली आणि स्टीव्हन्स)

नरमांसभक्षणाशी निगडित प्रसिद्ध इंग्लिश फौजदारी खटला (१८८४). ‘मिन्योनेट’ ही लहान नौका इंग्लंडहून सिडनीला जात असताना ५ जुलै १८८४ रोजी दक्षिण अटलांटिक महासागरात बुडाली. कप्तान टॉम डडली, एडविन स्टीव्हन्स, एडमंड ब्रुक्स आणि १७ वर्षांचा रिचर्ड पार्कर एका होडीतून निसटले. जवळ सलगमाचे दोन डबे होते. पिण्याचे पाणी नव्हते. मध्यंतरी एक कासव सापडले, तेही संपले. विसाव्या दिवसाच्या सुमारास, समुद्राचे पाणी पिऊन ग्लानीत पडलेल्या पार्करला डडलीने स्टीव्हन्सच्या संमतीने ठार केले. तिघांनी त्याच्या मांसावर गुजराण केली. चार दिवसांनी एका जर्मन जहाजाने त्यांना उचलले.

इंग्लंडमधील फालमथ बंदरात उतरल्यावर डडलीने काहीही न लपवता सारे सांगितले. अशा प्रसंगी चिठ्ठ्या टाकून एकाचा बळी देण्याचा दर्यावर्दी रिवाज जुना होता, त्यामुळे खटल्याची त्याला कल्पनाच नसावी. इथे मात्र चिठ्ठ्याही टाकल्या नव्हत्या. ब्रुक्स सरकारी साक्षीदार झाला. जनमत आरोपींच्या बाजूने होते. पार्करच्या भावानेही डडलीशी हस्तांदोलन केले.

जीव वाचवण्याची निकड हा खुनाचा बचाव नव्हे, असा निर्णय न्यायाधीश लॉर्ड कोलरिज यांनी दिला. डडली व स्टीव्हन्स यांना झालेली फाशीची शिक्षा नंतर सहा महिन्यांच्या कैदेवर आली. आरोप खुनाचा होता; नरमांस खाणे हा इंग्लिश कायद्यात स्वतंत्र गुन्हा आजही नाही. डडली पुढे सिडनीत स्थायिक झाला व १९०० च्या प्लेगात मरण पावला.