मूळ खेळ पेसोत, पुरवणी डॉलरात

एकाच मालाचे दोन भाव असतात हे गोव्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पात्रादेवी ओलांडली की दारूचा भाव बदलतो. २०१२ मध्ये पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला तेव्हा लिटरमागे अकराएक रुपये उतरले आणि शेजारच्या राज्यांतल्या गाड्या टाकी भरायला इकडे वळू लागल्या. बाटली नाक्यावर धरली जाते हे खरं, पण धरणारं सरकार असतं आणि त्यामागे कायदा असतो. विकणारा दुकानदार काही मागे धावत येऊन बाटली हिसकावून घेत नाही.

कॉम्प्युटर गेमच्या धंद्यात मात्र तसंही झालेलं आहे.

ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने 'द ऑरेंज बॉक्स' नावाचा संच बाजारात आणला. त्यात 'हाफ-लाइफ २' हा मूळ खेळ, त्याचे पुढचे दोन भाग आणि आणखी दोन खेळ होते. थायलंडमध्ये हा संच बराच स्वस्त होता. साहजिकच इतर देशांतल्या काही खेळाडूंनी तिथून डबे मागवले, पैसे मोजले, खेळायला सुरुवातही केली. मग कंपनीने आपल्या 'स्टीम' या व्यवस्थेतून ते खेळ बंद करून टाकले. चोरीचा माल नव्हता, नकली नव्हता, फक्त 'दुसऱ्या देशातला' होता.

याच्याशेजारी पुस्तकांची गोष्ट ठेवून बघा. 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' असा शिक्का असलेली स्वस्त आवृत्ती आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात वापरली असेल. सुपाप किर्तसाएंग नावाचा थाई विद्यार्थी अमेरिकेत शिकत होता. थायलंडमधून अशी स्वस्त पाठ्यपुस्तकं मागवून तो अमेरिकेत विकायचा. जॉन वायली या प्रकाशकाने खटला भरला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला तो विद्यार्थ्याच्या बाजूने. कायदेशीर विकत घेतलेली प्रत कुठल्या देशात छापली याने फरक पडत नाही, ती पुढे विकता येते. पुस्तक एकदा घेतलं की घेणाऱ्याचं. गेमचं तसं नाही. तिथे तुम्ही वस्तू घेतच नाही, वापरायची परवानगी घेता, आणि परवानगीची किल्ली विकणाऱ्याच्या खिशात राहते.

माझा भाचा या खेळांतला दर्दी. त्याचं म्हणणं, "मामा, गरीब देशात स्वस्त देतात हे उपकारच समज." मला ते पटत नाही. उपकार कसले? एक प्रत जास्तीची काढायला कंपनीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. जिथे लोकांची ऐपत कमी तिथे भाव उतरवला नाही तर विक्री शून्य, आणि सगळे चोरटी सीडी वापरणार. म्हणजे स्वस्त भावातही धंदाच आहे. तो अन्यायही नाही. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. आम्हा कारकुनांच्या भाषेत सांगायचं तर, नियम पूर्वलक्षी प्रभावाने लावण्याला आहे.

आणि हे सगळ्यात जास्त दिसतं ते एक्सपान्शनमध्ये, म्हणजे मूळ खेळाला जोडायच्या पुरवणीत. मूळ खेळ महाग वाटला तर माणूस घेत नाही, विषय संपला. पुरवणीचं गिऱ्हाईक मात्र आधीच बांधलेलं असतं. मूळ खेळ घरात आहे, शेदीडशे तास त्यात गेलेत, सोबतचे मित्र पुरवणी घेऊन पुढे निघालेत. अशा वेळी भावाचं गणित बदललं तर तो जाणार कुठे?

आपल्याकडे वारं उलट दिशेने वाहिलं. स्टीमवर भारतीय खेळाडू डॉलरमध्ये पैसे भरत, ते नोव्हेंबर २०१५ मध्ये रुपयांवर आलं. त्याच महिन्यात 'एज ऑफ एम्पायर्स २' ची 'द आफ्रिकन किंग्डम्स' ही पुरवणी आली. गंमत अशी, की तिच्यात पोर्तुगीज आहेत आणि पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा याची मोहीमही आहे. आमच्या उरावर बसलेली 'एस्तादो द इंडिया' आता रुपये मोजून खेळायची! असो.

युरोपात हा प्रश्न सरकारदरबारी गेला. पोलंड, हंगेरी, रोमानिया अशा तुलनेने स्वस्त देशांतल्या प्रती इतर युरोपीय देशांत चालू नयेत अशी कुलुपं घातली म्हणून युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. त्याआधी पोलंडच्याच जीओजी या दुकानाने वेगळी वाट काढली होती. प्रकाशकाने एखाद्या देशात जादा भाव लावला तर फरकाची रक्कम गिऱ्हाइकाच्या खात्यावर जमा, आणि तीही दुकानाच्या खिशातून. मार्च २०१९ अखेर ही योजना बंद झाली. झेपली नसावी.

सर्वांत मोठा धक्का बसला अर्जेंटिना आणि तुर्कस्तानला. २० नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमने तिथले पेसो आणि लिरा बंद करून डॉलर लागू केला. कंपनीची अडचण खोटी नव्हती. अर्जेंटिनात त्या वर्षी महागाई २०० टक्क्यांच्या वर गेली. आज लावलेला पेसोतला भाव सहा महिन्यांत डॉलरमध्ये नगण्य व्हायचा. शिवाय जगभरचे लोक इंटरनेटवर खोटा पत्ता दाखवून 'अर्जेंटिनावासी' बनत आणि स्वस्तात खेळ उचलत. त्यांना आवरायला २०२१ मध्येच देश बदलण्यावर तीन महिन्यांची अट आली होती. म्हणजे परकी लबाडांचा बंदोबस्त आधीच सुरू होता, तरी बिल आलं ते खऱ्या अर्जेंटिनावासीयांच्या नावावर.

या दोन देशांसाठी नवे गट केले होते, एक लॅटिन अमेरिकेचा आणि एक पश्चिम आशिया-उत्तर आफ्रिकेचा. प्रकाशकाला त्या गटापुरता कमी भाव लिहून देता येत होता, पण सक्ती नव्हती. रकाना कोरा राहिला तर सरळ अमेरिकेचा भाव. ब्युनोस आयर्समधल्या ज्या मुलाने मूळ खेळ पेसोत घेतला होता, त्याला पुरवणी परवडेल की नाही, हे कुठल्या तरी परक्या कचेरीत तो रकाना कुणी भरला की नाही यावर ठरलं.