बडोद्याची नोकरी

नवी नोकरी मनाला पटत नाही, सोडावी की रेटावी? आम्ही गिरणीत लागलो तेव्हा आठच दिवसांत जीव विटला होता. घरात खाणारी तोंडं होती, राहिलो. पण हाच प्रश्न बाबासाहेबांपुढेही आला होता.

१९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शिष्यवृत्तीच्या करारामुळे दहा वर्षं चाकरी बांधलेली. अमेरिकेत शिकून आलेला माणूस, पण कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकत, प्यायला पाणी मिळेना. राहायला जागा देईना कोणी, म्हणून पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक दारात! संध्याकाळच्या आत जागा सोडायची. एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोन्ही मित्रांनी हात वर केले. मग काही तास सार्वजनिक बागेत बसून काढले नि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. करार होता, पण राहायचं कुठं?

१९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार साडेचारशे. तिथंही पाण्याच्या भांड्यावरून कुरबूर झालीच. ही नोकरी मात्र त्यांनी टाकली नाही. लंडनचं शिक्षण अर्धं राहिलं होतं, पैसा साठवायचा होता. काटकसरीने राहिले. मार्च १९२० मध्ये राजीनामा दिला आणि त्याच वर्षी लंडनला निघाले.